माळ्यावर उदमांजर: रॅकूनचे उपाय इथे चालतील का?

दांडियाबाजार_कौलारू
दांडिया बाजारातलं जुनं घर. वर कौलं, खाली प्लायचं सीलिंग. रात्री दहाच्या सुमारास वर धावपळ होते, पहाटे पुन्हा. गच्चीच्या कठड्यावर पपईच्या बियांची विष्ठा. काळं तोंड, लांब शेपूट, म्हणजे उदमांजर हे नक्की. नेटवर शोधलं तर सगळे उपाय अमेरिकेतल्या रॅकूनचे निघतात: अमोनिया, रेडिओ, दिवा, डब्याला कुलूप. यातलं बडोद्यात काय लागू पडेल? मारायचं नाहीये, फक्त बाहेर काढायचंय.

वळचण
कुलूप विसरा. रॅकूनची सगळी करामत पुढच्या पंजांत असते. उथळ पाण्यात हात घालून नुसत्या स्पर्शावर तो क्रेफिश (गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा जीव) शोधतो, आणि तीच बोटं कचऱ्याच्या डब्याची कडी काढतात. टोरांटो शहराने २०१६ पासून फिरवायच्या कुलपाचे हिरवे डबे वाटले ते त्याच्याचमुळे. उदमांजराला कडी निघत नाही. ते नाकावर चालतं आणि चढण्यात पटाईत असतं. त्यामुळे तुमचा बंदोबस्त झाड, पाईप आणि वळचण इथे हवा.

अमोनिया, डांबरगोळ्या, रेडिओ यांनी फार तर दोन-चार रात्री फरक पडतो. डांबरगोळ्यांचा वास सीलिंगमधून तुमच्याच खोलीत उतरतो, तो तोटा वेगळा.

आधी वाट शोधा. भिंतीचा माथा आणि वासे यांच्यामधली फट, सरकलेलं कौल, पन्हाळीचा कोपरा. रोजची वाट असेल तिथे कडा तेलकट काळी पडते. खाली फळी ठेवून रांगोळीचा पातळ थर द्या. मांजराच्या ठशात चार बोटं दिसतात, उदमांजराच्या पाच. मग प्रत्येक फटीत वर्तमानपत्राचा सैल बोळा खुपसा. जो पडेल ती चालू वाट. कोरड्या हवेत सलग तीन रात्री बोळा हलला नाही तर ती वाट बंद धरा.

चालू वाट सोडून बाकी सगळ्या आधी बुजवा. १४ गेजची एक इंची वेल्डमेश घ्या, कोंबडीजाळी नको, ती वाकते. चालू वाटेवर त्याच जाळीचं झडप लावा: भोकापेक्षा चारी बाजूंनी दोन-तीन इंच मोठं, बिजागरी वर, उघडणार फक्त बाहेर. चार-पाच रात्री राहू द्या, आत पुन्हा रांगोळी टाका. ठसे नाहीत, आवाज नाही, मग झडप काढून कायमची जाळी.

चिकूवाडी
वरचं सगळं बरोबर, पण झडपेआधी एक तपासणी राहिली: पिल्लं. दिवसा माळ्यावरून बारीक चिवचिव किंवा कुरकुर ऐकू आली तर काहीही लावू नका. आई बाहेर अडकली की परत शिरायला कौलं उचकते, आणि आत पिल्लं मेली तर पुढचे काही आठवडे खोली वापरता येत नाही. ती आईमागे फिरायला लागेपर्यंत थांबा. तोवर प्लायचे सांधे पक्के करून घ्या.

दुसरं, खाणं. पिकलेलं फळ त्याला लांबून कळतं. पपई, चिकू, पेरू झाडावर पिकू देऊ नका, कच्चे असतानाच उतरवा. मांजराची वाटी संध्याकाळी आत. ओला कचरा रात्री पायरीवर ठेवण्याऐवजी सकाळी गाडी आली की द्या. छताकडे झुकलेली फांदी दोन मीटर तरी मागे छाटा, आणि खोडाला जमिनीपासून पाच फुटांवर दोन फूट रुंद गुळगुळीत पत्रा गुंडाळा. पाण्याच्या पाईपलाही तसाच. पत्रा अरुंद ठेवला की ते वरची कड पकडतं, इथेच बहुतेकांचं फसतं.

एक मात्र ध्यानात ठेवा: ते उंदीरही खातं. हाकललंत की उंदरांचा बंदोबस्त तुमच्याकडे. पण उंदराचं औषध माळ्यावर टाकू नका, विष खाल्लेला उंदीर त्याच्या पोटात जाईल.

दांडियाबाजार_कौलारू
आभारी आहे. पिंजरा लावून विश्वामित्रीच्या काठी सोडलं तर? शेजारी तेच सुचवताहेत.

चिकूवाडी
नको. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली तो संरक्षित प्राणी आहे, परवानगीशिवाय पकडणं गुन्हा. शिवाय वाट उघडी राहिली तर मोकळ्या माळ्यावर दुसरं येतं. अगदी अडकलं, जखमी झालं, तरच वन विभागाला कळवा. फोनवर ‘वनियर’ हे गुजराती नाव सांगा, इथे पटकन समजतं. कोपऱ्यात कोंडून हात घालू नका. चावलं तर साबणाच्या वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठा.

वळचण
विष्ठा कोरडी झाडू नका, धूळ उडते. आधी ब्लीचच्या पाण्याने भिजवा, मास्क आणि हातमोजे घाला, मग खरवडा. आणि जाळी सिमेंटात गाडू नका, वाशाला स्क्रू-वॉशरने बसवा. पावसाळ्याआधी कौलं चाळताना ती काढावी लागेल.