गोव्यात विवाह नोंदणी: मुहूर्ताआधी करावी की नंतर?

प्रश्न, डिचोलीची लेक

सर्वांना नमस्कार. माझे लग्न येत्या मार्गशीर्षात ठरले आहे. मी डिचोली तालुक्यातली, तर माझे होणारे यजमान फोंडा तालुक्यातले असून आम्हा दोघांचेही जन्म गोव्यातच झालेले आहेत. मुहूर्त निघाला, म्हार्दोळला सभागृह मिळाले, भटजींशीही बोलणे झाले; परंतु विवाह नोंदणीच्या प्रश्नावरून घरात दोन मते पडली आहेत. पुण्याला राहणारी माझी मावशी म्हणते की लग्न लागल्यावर पत्रिका, छायाचित्रे आणि भटजींचा दाखला घेऊन कार्यालयात जावे म्हणजे प्रमाणपत्र मिळते, त्यासाठी आत्ता धावपळ करण्याचे कारण नाही. माझी आजी मात्र ठामपणे सांगते की आमच्या गोव्यात आधी सह्या होतात आणि मगच अक्षता पडतात. वडिलांनाही नेमका क्रम आठवत नाही, कारण त्यांच्या वेळी सगळे आजोबांनीच पाहिले होते.

माझे प्रश्न असे आहेत. पहिली सही आणि दुसरी सही यांत फरक काय? त्या कोणत्या तालुक्यात करायच्या? आणि पहिली सही झाल्यावर विधिवत लग्न लागले, तर दुसरी सही नंतर सवडीने केली तरी चालेल का?

उत्तर, निवृत्त कारकून, फोंडा

बाय, तुझ्या आजीचेच बरोबर आहे. माझी नोकरीची बरीच वर्षे नोंदणीच्या कागदांत गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

मावशी सांगतात ती पद्धत महाराष्ट्राची आहे. तिथे हिंदू विवाह कायद्याखाली सप्तपदीने विवाह पूर्ण होतो आणि नोंदणी हा त्याचा पुरावा ठरतो. गोव्यात तो कायदा लागू नाही आणि विशेष विवाह कायदाही नाही. इथे आजही चालतो तो पोर्तुगीज काळातला विवाहविषयक हुकूमनामा. ५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला विवाह हा दिवाणी करार आहे असे ठरवणारा हुकूम निघाला. पुढच्या वर्षी तो गोव्यात आला. मुक्तीनंतर १९६२ च्या कायद्याने हे जुने कायदे चालू ठेवले. त्यामुळे आपल्याकडे नोंदणी म्हणजे झालेल्या लग्नाची पावती नव्हे. कायद्याच्या दृष्टीने नोंदणी हेच लग्न.

आता क्रम सांगतो. वधू किंवा वर ज्या तालुक्यात राहतात, त्यांपैकी कोणत्याही एका तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोघांनी मिळून जायचे आणि आम्ही विवाह करू इच्छितो असे निवेदन द्यायचे. ही पहिली सही. जन्मदाखले, रहिवासी दाखला, अविवाहित असल्याचे प्रतिज्ञापत्र, ओळखपत्रे आणि छायाचित्रे इतके कागद बहुतेकांना लागतात. घटस्फोटितांना न्यायालयाच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची आणि विधवा-विधुरांना मृत्यूदाखल्याची प्रत जोडावी लागते. त्यानंतर कोणाची हरकत असल्यास ती यावी म्हणून नोटीस लागते. पंधरा दिवस उलटल्यावर साक्षीदारांसह पुन्हा जाऊन निवेदन कायम करायचे, आणि त्या वेळी विवाहाच्या पुस्तकात होते ती दुसरी सही. प्रमाणपत्र तिच्यानंतर मिळते. दुसऱ्या सहीलाही मुदत असते. ती टळली तर सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून एवढेच आग्रहाने सांगतो की दुसरी सही मुहूर्ताच्या आधी करून घे. तुळशीच्या लग्नानंतर कार्यालयात गर्दी उसळते, म्हणून पहिली सही चतुर्थी आटोपताच करावी.

उत्तर, सत्तरीची वाचक

काकांनी लिहिलेल्या शेवटच्या मुद्द्यावर मला मन मोकळे करावेसे वाटते, कारण आमच्या नात्यातल्या एका मुलीने त्याची मोठी किंमत मोजली आहे. पहिली सही झाली, पाठोपाठ देवळात थाटात लग्न लागले, आणि घरच्या सर्वांनी धरून चालले की काम झाले. दुसऱ्या सहीचा विषय निघाला की मुलाकडचे आज सवड नाही, पुढच्या आठवड्यात जाऊ, असे म्हणत राहिले. दीड वर्षाने संसार मोडला आणि ती वकिलाकडे गेली, तेव्हा तिला कळले की कायद्याच्या पुस्तकात ती कोणाची पत्नीच नव्हती. गळ्यात मंगळसूत्र होते, गावाने जेवणावळ पाहिली होती, तरी पत्नी म्हणून घराच्या अर्ध्या वाट्यावर बोट ठेवण्याचा आधार तिच्या हाती नव्हता. कोर्टाच्या पायऱ्या चढताना तिला प्रत्येकाला पहिल्यापासून सांगावे लागले की मी फसले ते कशामुळे.

यात मुलीचा दोष नव्हता. घरातल्या थोरांनी पहिल्या सहीलाच लग्न मानले होते, आणि असे मानणारी घरे आजही पुष्कळ आहेत. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की प्रमाणपत्र स्वतःच्या हातात आल्याशिवाय अक्षता पडू देऊ नका. मुलाकडच्यांना हे बोलणे कडू वाटले तरी चालेल.

प्रतिसाद, डिचोलीची लेक

ताई, हे वाचून मन हेलावले. आईला आणि आजीला वाचून दाखवले आणि दुसरी सही आधीच करायची असे आमच्या घरी ठरले. होणाऱ्या सासऱ्यांनाही वडिलांनी आजच फोन केला. त्यांनी लगेच होकार दिला. आणखी एक विचारते. ह्यांच्या नावावर पुण्याला एक सदनिका आहे आणि माझ्या नावावर आजोळची थोडी जमीन येणार आहे. नोंदणीच्या वेळी मालमत्तेबद्दल काही लिहून द्यावे लागते का?

उत्तर, मडगावची वकील

ताई, लिहून द्यावे लागत नाही, पण काही लिहून दिले नाही तर कायदा तुमच्या वतीने निर्णय घेतो. हे बहुतेक जोडप्यांना फार उशिरा समजते.

१८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू आहे, आणि तिच्यानुसार विवाहपूर्व करार केलेला नसेल तर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक होते. लग्नाआधीची, लग्नानंतर कमावलेली आणि वारशाने आलेली, अशी सगळी एकत्र येऊन दोघांचा निम्मा-निम्मा अधिकार निर्माण होतो. आपल्या कार्यालयांत ज्याला ‘मोइटी’ म्हणतात, ती हीच. याच कारणाने गोव्यात घर किंवा जमीन विकताना खरेदीखतावर पती आणि पत्नी या दोघांच्याही सह्या मागितल्या जातात. स्त्रियांना यातून मिळणारे संरक्षण मी व्यवसायात पुष्कळदा पाहिले आहे. कागदावर नवऱ्याचे एकट्याचे नाव असलेले घर त्याला तिच्या संमतीशिवाय विकता येत नाही, आणि घरी राबलेल्या बाईला आपण काय कमावले हे सिद्ध करत बसावे लागत नाही.

तुम्हा दोघांना वेगळी व्यवस्था हवी असेल, म्हणजे प्रत्येकाची मालमत्ता स्वतंत्र ठेवायची असेल किंवा फक्त लग्नानंतर मिळवलेलीच सामाईक करायची असेल, तर तसा करार लग्नाआधी सार्वजनिक दस्ताने करावा लागतो. साध्या मुद्रांक कागदावर कोणत्याही नोटरीपुढे केलेले लिखाण यासाठी पुरत नाही. विशेष नोटरी म्हणून काम पाहणाऱ्या उपनिबंधकापुढेच तो दस्त व्हावा लागतो. एकदा विवाह झाला की ही व्यवस्था बदलता येत नाही. त्यामुळे दोन सह्यांमधल्या काळात किंवा शक्य असल्यास त्याही आधी, दोघांनी एकत्र बसून हा निर्णय घ्या. यात अविश्वास दाखवण्यासारखे काही आहे असे मी मानत नाही, उलट संसाराची पहिली मोकळी चर्चा याच विषयावर झाली तर मला ती शुभ वाटते.

पुण्याच्या सदनिकेविषयी एक गोष्ट लक्षात ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये निर्णय दिला की गोव्याचा अधिवास असलेल्या व्यक्तीच्या वारसाहक्काला गोव्याचाच कायदा लागू होतो, मग ती मालमत्ता भारतात कुठेही असो. म्हणजे गोव्याची हद्द ओलांडली की प्रश्न संपतो, असे नाही.

उत्तर, करसल्लागार, म्हापसा

वरील माहितीला छोटी जोड देतो. सामाईक मालमत्तेच्या पद्धतीत असलेल्या गोव्यातील पती-पत्नींसाठी आयकर कायद्यात स्वतंत्र तरतूद आहे. पगार ज्याचा त्याच्याकडेच राहतो, परंतु घरभाडे, व्यवसाय, व्याज अशा इतर उत्पन्नाची दोघांत निम्मी-निम्मी विभागणी करून दोघांना आपापल्या विवरणपत्रात तो भाग दाखवावा लागतो. पुण्याची सदनिका भाड्याने दिलेली असेल, तर लग्नानंतरच्या पहिल्याच विवरणपत्रात याचा विचार करावा.

उत्तर, कुंकळ्ळीचा शेजारी

माझ्या धाकट्या भावाने कॅथलिक मुलीशी चर्चमध्ये लग्न केले, म्हणून तशा जोडप्यांसाठी लिहितो. पहिली सही सगळ्यांना सारखीच. पुढे रजिस्ट्रारकडून ना-हरकत पत्र घेऊन ते चर्चमध्ये द्यावे लागते. चर्चमधल्या विवाहाची नोंद तिथून कार्यालयात जाऊन पुस्तकात चढते. ते पत्र घेतल्याशिवाय विवाहाची तारीख पक्की करू नये.

उत्तर, निवृत्त कारकून, फोंडा

बाय, आणखी एक काम आजच कर. तुझा आणि जावईबापूंचा जन्मदाखला काढून त्यावरचे स्वतःचे, वडिलांचे आणि आईचे नाव आधार कार्डावरच्या नावांशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आपल्याकडे जुन्या नोंदींत कुठे आडनाव नाही, कुठे आईचे माहेरचे नाव, तर कुठे गावाचेच नाव आडनाव म्हणून लागलेले असते. पहिल्या सहीच्या दिवशी खिडकीवरून माघारी यावे लागते ते बहुतेक वेळा याच कारणाने, आणि दुरुस्तीला किती दिवस लागतील हे आपल्या हातात नसते. दाखला जन्म जिथे नोंदला त्या ठिकाणाहून काढावा लागतो. तू डिचोलीची असलीस तरी जन्म पणजी-बांबोळीच्या बाजूला झाला असेल, तर आधी तिकडे चौकशी कर.