27 इंची जुनी रोड सायकल: टायर बदलावेत की चाकंच बदलावीत?

(सायकलवाल्यांची चर्चा; प्रत्येक उताऱ्याच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

लोखंडी फ्रेम

इंदूरमध्ये हल्ली एक सल्ला सरसकट मिळतो. कुणाच्या घरात सत्तरच्या दशकातली रॅले किंवा तशीच दहा गिअरची सायकल निघाली, टायर चिरलेले दिसले, की लगेच "चाकं काढ, 700सी टाक" (700सी म्हणजे आजच्या रोड सायकलींचं चाकाचं माप). माझं म्हणणं उलट आहे. रिम सरळ असेल, हब (चाकाचा मधला, आसावर फिरणारा भाग) वाजत नसेल, तर 27 च ठेवा आणि पैसे टायरमध्ये घाला.

आधी मापाचं. 27 × 1 1/4 च्या टायरवर बारीक अक्षरांत 32-630 असतं. 32 म्हणजे रुंदी, 630 म्हणजे टायरची तार रिमवर जिथे बसते तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. 700सी चा हा व्यास 622. फरक फक्त 8 मिमी, पण परिघात तो 25 मिमी होतो आणि स्टीलची तार तेवढी ताणली जात नाही. त्यामुळे 700 चा टायर 27 च्या रिमवर चढत नाही, कितीही लिव्हर लावा. 27 × 1, 27 × 1 1/8 आणि 27 × 1 1/4 या तिघांचा व्यास मात्र 630 च. रुंदी बदलू शकता, व्यास नाही.

या मापात आजही चांगले टायर बनतात: पॅनारेसरचा पासेला, कॉन्टिनेंटलचा गेटरस्किन, श्वाल्बेचा मॅरेथॉन. इंदूरच्या दुकानात टांगलेले दिसणार नाहीत, मागवावे लागतील, एवढंच. चाकं बदलायला निघालात की गोष्ट टायरवर थांबत नाही. ब्रेक, हब, फ्रीव्हील (मागच्या दातेरी चकत्या), चेन, सगळं ओढलं जातं.

सिमरोल घाट

दादा, "एवढंच" म्हणून सोडून दिलंत, पण खरा प्रश्न तिथेच आहे. खंडवा रोडला भेरू घाटाच्या उतारावर टायरची कड फाटली, तर 27 चा टायर कुठून आणणार? 700 चा आज कुठल्याही बऱ्या दुकानात मिळतो, हायब्रिड सायकलींमुळे 32 आणि 35 सुद्धा.

दुसरं, तुम्ही रिमबद्दल बोललाच नाहीत. त्या काळच्या कितीतरी सायकलींना क्रोम चढवलेल्या स्टीलच्या रिम आहेत. कोरड्यात ठीक. जुलैत ओल्या रिमवर रबर दाबलं की आधी बराच वेळ काहीच होत नाही. ॲल्युमिनियमची रिम दोन-चार फेऱ्यांत पाणी पुसून पकडते, क्रोम पकडत नाही. माळव्याच्या पावसात ही सायकल चालवायची असेल तर टायर कुठला हा दुय्यम प्रश्न आहे.

ब्रेकचा बाऊ करू नका. 700 टाकल्यावर रिम 4 मिमी खाली जाते, 8 नाही, कारण व्यासाचा फरक दोन बाजूंना वाटला जातो. ब्रेकचं रबर खाचेत कुठे आहे ते बघा. खाली सरकवायला 4 मिमी जागा उरली असेल तर पान्याने काम होतं. नसेल तर लांब पोहोचीचा ब्रेक घ्या, टेक्ट्रोचा आर559 हा 55 ते 73 मिमीपर्यंत पोहोचतो. मोजताना ब्रेकच्या बोल्टच्या मध्यापासून रिमच्या घासणाऱ्या पट्टीच्या मध्यापर्यंत मोजा.

वर फायदा असा की चिमट्यात आणि मागे 4 मिमी जागा वाढते. मडगार्ड न काढता 35 चा टायर बसण्याची शक्यता असते.

रामबाग

दोघांचं भांडण चालू द्या, पण दुकानात जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी.

"27 चा टायर द्या" म्हटलं की आजकाल 27.5 चा समोर येतो. तो डोंगरी सायकलीचा, व्यास 584. आकडा मोठा दिसतो, टायर 46 मिमीने लहान. तो निदान चढतच नाही, म्हणून नुकसान फक्त चकरेचं.

धोकादायक आहे तो 28 × 1 1/2, म्हणजे आपल्या काळ्या डबलबार सायकलीचा. त्याचा व्यास 635. 630 च्या रिमवर तो आरामात चढतो, हाताने चढतो, आणि दुकानदार खूश होतो. परिघात जवळपास 16 मिमी ढिला असतो. हवा भरली की एका बाजूने कड वर येते, ट्यूब फुगा होऊन बाहेर निघते आणि फुटते. टायर जर लिव्हरशिवाय अगदी सहज बसला तर हवा भरू नका, बाजूचा आकडा वाचा.

आणि 28 पाहून 700 समजू नका. 28 × 1 5/8 × 1 3/8 लिहिलेला टायर 622 चा असतो, 28 × 1 1/2 हा 635 चा. दोन्हीवर 28 च. म्हणून इंच विसरा, डॅशनंतरचे तीन आकडे मागा. जुन्या टायरवरचं पुसलं गेलं असेल तर रिमवर ठोकलेलं बघा, नाहीतर टायरच सोबत न्या.

लोखंडी फ्रेम

सिमरोलभाऊ, स्टीलच्या रिमचा मुद्दा बरोबर आहे. पण त्याचं उत्तर 700सी कसं काय? 27 मध्येही ॲल्युमिनियमची रिम बनते, सनची सीआर18 आहे. जुना हब 36 भोकांचा असेल तर तोच ठेवून नव्या रिमवर तारा ओवून घ्या. ब्रेक हलवायचा नाही, हब तोच, फ्रीव्हील तोच. ब्रिटिश चाक असेल तर आधी भोकं मोजा, त्यात पुढे 32 आणि मागे 40 सुद्धा असतात, आणि 40 भोकांची रिम शोधणं म्हणजे वेगळीच डोकेदुखी.

तुम्ही जे सांगत नाही ते मागच्या हबचं. पाच चकत्यांच्या फ्रीव्हीलच्या सायकलीत मागे 120 मिमी जागा असते, सहाच्यात 126. आजचं तयार 700 चं चाक 130 चं येतं. 126 मध्ये 130 हाताने फाकवून बसतं. 120 मध्ये 10 मिमी फाकवायचं तर फ्रेम वाकवून पक्की करावी लागते आणि मग मागचे दोन्ही कान (जिथे चाकाचा आस बसतो) पुन्हा समांतर करावे लागतात. लोखंडी फ्रेम हे सहन करते, पण करणारा हात पाहिजे. टायर घ्यायला निघालेल्या माणसाला हे सगळं का सांगायचं?

छावणीकर

मला दोघेही महागात नेताय असं वाटतं.

सायकल राजवाडा ते पलासिया चालणार असेल तर लुधियानाचा साधा टायरही पुरतो, 630 मध्ये मिळाला की बस. जाड असतो, जड असतो, चिवट असतो. नाजूक टायरची मऊ कड ही 100 किलोमीटरच्या राइडसाठी आहे, भाजी आणायला नाही.

फक्त शिळा माल घेऊ नका. 27 हे दुकानात वर्षानुवर्षं टांगून राहणारं माप आहे. घेताना टायर उलटा वाकवा, म्हणजे चालणारी बाजू ताणली जाईल, आणि उजेडात बघा. केसासारख्या भेगा दिसल्या तर ठेवून द्या. कडेचं रबर नखाने खरवडून भुगा निघतो का तेही पाहा. घडी घालून ठेवलेल्या टायरची तार एका जागी मोडलेली असते, तो चाकावर आयुष्यभर डुलतो.

सिमरोल घाट

काका, शहरासाठी मान्य. पण लोकल जाड टायरवर महू किंवा उज्जैन करायचं म्हणजे पाय मोडतात. कड जितकी ताठ तितकी दर फेरीला वाकण्यात ताकद जाते. याच कारणाने मी गेटरस्किनचाही फार भक्त नाही. पंक्चर कमी, मान्य, पण लाकडासारखा चालतो.

शिवाय डब्यावरच्या टीपीआयवर जाऊ नका. टीपीआय म्हणजे इंचात किती धागे. जास्त धागे म्हणजे बारीक धागे, मऊ टायर, इथवर खरं. पण कॉन्टिनेंटल 3/180 लिहिते ते 60 चे तीन थर मिळून. ते दुसऱ्या कंपनीच्या 120 पेक्षा मऊ नाही.

लोखंडी फ्रेम

बायपासला ट्रकच्या फुटलेल्या टायरच्या तारांचे तुकडे पडलेले असतात, केसाएवढे बारीक. आत शिरले की दिसतही नाहीत, मऊ टायर तिथे दर आठवड्याला पंक्चर होतो. त्यावर बाभळीचे काटे वेगळे. आत पंक्चर अडवणारा पट्टा असलेला टायर मागे तरी लावा, वजन मागेच जास्त असतं आणि मागचं चाक काढणं जास्त कटकटीचं. पुढे पासेला. जोडी एकसारखीच हवी असा काही नियम नाही.

नवी चेन

हवा किती? टायरवर 85 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलंय, पंपवाला 100 भरून देतो, "कडक पळेल" म्हणतो.

रामबाग

थांबवा त्याला! टायरवरचा आकडा ही कमाल मर्यादा असते, सल्ला नसतो. आणि जुन्या रिमची मर्यादा त्याहून खाली असू शकते.

टायर काढून रिमच्या आतल्या कडेवरून नख फिरवा. आत वळलेला ओठ लागला तर ती हुकवाली रिम, तिच्यावर टायरची कड अडकून राहते. सरळ भिंत लागली तर कड फक्त तारेच्या ताणावर टिकते. सरळ भिंतीच्या रिमवर तारेचाच टायर घ्या, घडीचा (ज्यात स्टीलच्या तारेऐवजी धाग्याची दोरी असते) नको, आणि 75 च्या वर जाऊ नका.

एरवीही 32 च्या टायरला 100 ची गरज नाही. माणूस 75 किलो, सायकल 12 किलो धरली तर मागे 60 ते 65, पुढे 45 ते 50. वजन साधारण 60-40 वाटलं जातं म्हणून हा फरक. सिमेंट रोडचे सांधे मनगटाला लागत असतील तर पुढचे 5 कमी करा. खड्ड्यात रिम ठक्क वाजली आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडली तर कमी झालीय. उन्हाळ्यात पहाटे भरलेली हवा 20 अंश तापमान वाढलं की साधारण 5 ने चढते, तेवढी सूट ठेवा.

छावणीकर

आणि हे 60-65 मोजणार कसं? साध्या वॉल्व्हला, ज्यात रबरी नळी असते, गेज खरा आकडा दाखवत नाही. नळी उघडायलाच जास्तीचा दाब लागतो, गेज तो धरून सांगतो. आकड्यांवर भांडायचं असेल तर आधी मोटरसायकलवाल्या वॉल्व्हची किंवा बारीक प्रेस्टाची ट्यूब घ्या.

नवी चेन

27 ची प्रेस्टा ट्यूब कुठे मिळत नाही.

छावणीकर

नकोच. 700 × 28-32 ची ट्यूब 27 × 1 1/4 मध्ये बसते, रबर 8 मिमी सहज ताणतं. रिमचं भोक बघा: जुन्या सायकलीत 8.5 मिमीचं असलं तर प्रेस्टाच्या दांड्याभोवती जागा राहते, तिथून ट्यूब फुगून बुडाशी फाटते. भोक लहान करणारी छोटी बुशिंग मिळते, नाहीतर मोटर वॉल्व्हचीच ट्यूब घ्या. रिमची पट्टी नवी लावा, जुन्या रिममध्ये तारांची टोकं वर आलेली असतात, ती आधी कानशीने घासा. मग ट्यूबला आकार येईल एवढीच हवा, शेवटचा भाग वॉल्व्हपाशी चढवा आणि वॉल्व्ह एकदा आत दाबून सोडा, म्हणजे ट्यूब कडेखाली चिमटणार नाही. 25 पर्यंत भरून चाक फिरवा. टायरच्या कडेवर एक बारीक रेघ असते, ती रिमपासून सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. कुठे बुडाली असेल तर हवा सोडून साबणाचं पाणी लावा. मगच पुढे.

सिमरोल घाट

एवढं सगळं 27 वाचवायला. ज्यांना तरीही चाकं बदलायची आहेत त्यांनी हबची रुंदी मोजूनच निघा. जुनं फ्रीव्हील नव्या थ्रेडेड हबवर चढवणार असाल तर सायकल फ्रेंच नाही ना हेही बघा: फ्रेंच फ्रीव्हीलचा आटा 34.7 मिमीचा, बाकीच्यांचा जेमतेम पाव मिमीने मोठा. दोन आटे फिरतो, मग अडकतो, आणि जोर लावला की ॲल्युमिनियमच्या हबचा आटाच जातो.

लोखंडी फ्रेम

रिम ॲल्युमिनियमची असेल तर तीही तपासा, 27 असो की 700. ब्रेक घासतो त्या भागावर सरळ फूटपट्टी धरा, मध्ये खोलगट दिसली म्हणजे भिंत झिजलीय. भिंत 1 मिमीच्या आसपास आली असेल तर त्या रिमवर नवा टायर चढवू नका, हवेच्या दाबाने रिमची भिंत फाकते. अशी रिम बदलायचीच असेल तेव्हा, आणि फक्त तेव्हा, सिमरोलभाऊंचं ऐका.