अनुभव धागा: मिशनवर असताना, घरापासून लांब साजरा केलेला सण

निर्मळची_पोर

परवा शेजारच्या काकूंनी डबाभर अनारसे दिले. पहिला तुकडा मोडला आणि मी थेट सिमडेग्यात पोचले.

तेव्हा विशीत होते. सिस्टर वगैरे नव्हते, फादरांच्या ओळखीने तिथल्या मिशनच्या शाळेत शिकवायला गेले होते. हावडा मेलने राउरकेला आणि पुढे बस. झारखंड २००० साली झालं, त्याआधीची गोष्ट, म्हणजे पत्त्यात अजून बिहार लिहायचो. वसईत डिसेंबरात स्वेटर काढतात तो लोकांना दाखवायला. तिथे सकाळी बादलीत हात घालवत नसे. सिस्टर्सनी माझ्या गादीखाली भाताचा पेंढा पसरून दिला होता, त्यावर झोप मात्र मस्त लागायची.

चोवीसच्या रात्री मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना. लोक लांबलांबच्या पाड्यांवरून चालत आलेले, बायकांच्या पाठीला पोरं बांधलेली. आपल्याकडे मिस्सा संपली की हॅपी ख्रिसमस, हॅपी ख्रिसमस करत सगळे घरी पळतात. तिथे कोणी हललं नाही. मांदर (तिकडचे ढोल) आले, नगारा आला, हातात हात अडकवून रांगा लागल्या आणि चर्चच्या अंगणात उजाडेपर्यंत नाच. तिथल्या खडिया आदिवासी जमातीच्या दोन बायकांनी मला मध्ये ओढलं. घरची आठवण? छे, पाय सांभाळण्यातच रात्र गेली.

आठवण आली सकाळी दहाला. ही वेळ आमच्याकडे ताटं पोचवायची. नेवऱ्या (आमच्या करंज्या), कुलकुल, केक, वर क्रोशाचा रुमाल, आणि आधी हिंदू शेजाऱ्यांकडे, कारण दिवाळीचा फराळ त्यांच्याकडून आलेला असतो. आणि मी हॉस्टेलच्या पायरीवर रिकामी बसलेली. मुली घरी गेलेल्या. तेवढ्यात एक म्हातारी आली, सालाच्या पानाच्या दोन्यात अरसा घेऊन. तांदूळ, गूळ, तळलेला, फक्त खसखस नाही. ‘जय येसु’ म्हणाली, शेजारी बसली, आणि मी शेवटचा घास खाईपर्यंत उठली नाही.

आईने ‘सुवार्ता’ या आमच्या वसईच्या मासिकाचा नाताळ अंक पोस्टाने पाठवला होता. तो जानेवारी संपता संपता आला.

तर लिहा. मिशन म्हणून, सेवा म्हणून, धर्म कुठलाही, सण कुठलाही.

कांदेपोहे_नको

सकाळी दहा!!! अगदी. रात्री माणसं असतात. दहाला जे होतं ते फार वाईट.

सि_आफ्रिकावाली

मी सिस्टर आहे आणि अजून लांबच आहे. केनिया. पिठाचे हात पुसून लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

इथे पहिल्या नाताळला मला उत्सुकता, की या लोकांचं खास पक्वान्न काय असेल. चोवीसला दुपारी पॅरिशमधल्या बायका जमल्या, मोठाली परात, गरम पाणी, तेल, मैदा. आणि लाटायला लागल्या काय, तर चपात्या! इथे नाताळची चपाती म्हणजे चपाती. वर्षभर उगाली खातात, मक्याच्या पिठाची, आणि नाताळला मटण नाहीतर चिकन आणि चपाती. पोरं महिनाभर आधीपासून विचारतात, सिस्टर, चपाती आहे ना? रेल्वे बांधायला आलेल्या आपल्या लोकांकडून ती इथे रुळली असं म्हणतात.

मी म्हटलं, हे तर मला येतं. पुढे सरसावले. त्यांनी माझ्या चपातीकडे बघितलं आणि बाजूला ठेवली. पातळ म्हणे. त्यांची गोळा वळकटी करून पुन्हा लाटलेली, पदर सुटणारी, तेलात भाजलेली. आमच्या आजीची घडीची पोळी बरी, इतकी जड. आता मला येते. आता मी नव्या आलेल्या सिस्टर्सची बाजूला ठेवते.

आणि गर्दी! चोवीसला नैरोबीतून गावी जाणाऱ्या बसेस बघा, गणपतीला परळहून कोकणात सुटतात तशा. टपावर गाद्या, टपावर कोंबड्या. ती गर्दी बघितली की मग होतं जे व्हायचं ते. सगळे घरी चाललेले असतात.

माळावरचा

सिस्टर, ‘नव्या सिस्टर्सची बाजूला ठेवते’ 😂 सासू झालात तुम्ही.

सि_आफ्रिकावाली

@माळावरचा हाहा. मदर सुपीरियरला सांगू नका.

लोहित_काठ

ख्रिश्चन नाही, आणि मिशनरी म्हटलं तर आमचे कार्यकर्ते चिडतील, पण धागा बघून राहवलं नाही. मी अरुणाचलमध्ये विवेकानंद केंद्र विद्यालयात शिकवायला होतो. १९७७ पासून आहेत तिथे या शाळा. माझ्या वेळी बोगीबीलचा पूल नव्हता (तो २०१८ च्या डिसेंबरात सुरू झाला), दिब्रुगढहून ब्रह्मपुत्रा बोटीने ओलांडायची. बोटीत माणसं, जीप, शेळ्या, सगळं.

दिवाळीत मुलं निवासातच होती. मी ठरवलं की चकल्या करायच्या. भाजणी आईने पाठवलेली, सोऱ्या नाही. मग काय, तिथल्या मिश्मी जमातीच्या एका मुलाने बांबूचं नळकांडं आणि दट्ट्या करून दिला. चकलीला काटे नव्हते, पण गोल होती. चिवडा मुलांना फिका वाटला, त्यांनी परस्पर राजा मिरची टाकली. तो चिवडा आम्ही दोघा मास्तरांनी पाणी पीत पीत, रडत खाल्ला.

आकाशकंदील मात्र असा मी पुण्यात बघितला नाही. बांबूच्या बारीक कामट्या, वेताने बांधलेल्या, एकही खिळा नाही. साडेचारला अंधार पडतो तिकडे त्या दिवसांत, त्यामुळे कंदील लावायची वेळ चहाच्या आधी. पुण्यात आईला फोन केला की आमचं लक्ष्मीपूजन झालं, तर ती म्हणे, अरे, इथे अजून ऊन आहे, माझी रांगोळी व्हायचीय.

कांदेपोहे_नको

बांबूचा सोऱ्या! फोटो आहे का?

लोहित_काठ

@कांदेपोहे_नको नाही हो, रोलचा कॅमेरा होता, तोही दुसऱ्याचा.

गावठी_प्रश्न

शिकवायला जातात की धर्मांतर करायला? दोन्ही बाजूंना विचारतोय.

निर्मळची_पोर

@गावठी_प्रश्न मी गणित शिकवायला. त्यावर वेगळा धागा काढा, मी नक्की येईन, इथे चकल्या चालू आहेत.

पाळकाची_थोरली

लांब जाणाऱ्यांचं झालं, आता घरच्यांचं ऐका. वडील पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. आम्ही मूळचे श्रीरामपूरकडचे, त्यांची नेमणूक नवापूरला. (नवापूर स्टेशन माहितीये का? अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. एकाच बाकाचा एक भाग इकडे, एक तिकडे. आम्ही भावंडं त्यावर बसून ‘मी परराज्यात’ खेळायचो.)

पाळकाच्या घरात नाताळ नसतो. बाकी सगळ्यांच्या घरात असतो आणि तो करायला आमचे वडील गेलेले असतात. पंचवीसला पहाटे उपासना, मग एका पाड्यावर, मग दुसऱ्या, प्रत्येक ठिकाणी जेवण, नाही म्हणता येत नाही. आई आम्हाला नवे कपडे घालून बसवायची. ते चार-साडेचारला येणार, पोट तट्ट भरलेलं, आणि आईने मटण केलेलं. ते पुन्हा जेवायचे! आमच्यासमोर पहिल्यांदाच जेवतोय असं दाखवत. हे मला लग्नानंतर कळलं, तेही आईनेच सांगितलं.

आणि श्रीरामपूरची आजी दर नाताळला एकच निरोप पाठवायची की पुढच्या वर्षी इकडे या. जमलं नाही. पाळकाला नाताळची रजा कोण देणार.

तिथल्या मावची आदिवासी बाया नागलीची भाकर आणि तुरीची डाळ घेऊन यायच्या आईसाठी, हे लिहायचं राहिलं. नवापूरची तूरडाळ, दुसरीकडे तशी मिळत नाही.

माळावरचा

दोनदा जेवणारे वडील… बास. ऑफिसात बसलोय, डोळ्यात कचरा गेला.

घेवडा_शिजतोय

पाळकाची_थोरली, वाचता वाचता माझी भाजी लागली खाली. डाळ कुठे मिळेल ते सांगा, ऑनलाइन चालेल.

मिरज_मळा

आमच्या आजीची ऐकीव गोष्ट. ती मिरजेच्या वॉनलेस हॉस्पिटलात नर्स होती. डॉ. वॉनलेस कॅनडाचे, हॉस्पिटल १८९४ चं, पण आजीचा काळ त्यांच्या खूप नंतरचा. तिच्या वॉर्डावर एक परदेशी मिससाहेब होत्या. कडक. चादरीला सुरकुती दिसली की संपलं.

डिसेंबर आला की मिससाहेब सुरूच्या फांद्या तोडून आणायला लावायच्या, त्यांच्याकडच्या झाडाला जवळचं तेच. त्यावर बर्फ म्हणून दवाखान्यातला कापूस. बाकी वर्षभर कापसाचा बोळा वाया गेला तरी ओरडणाऱ्या बाई! आजी म्हणायची, त्या एका दिवशी त्यांनी मोजला नाही. त्यांच्या घरून बोटीने पार्सल निघायचं ते कधी कधी होळीला पोचायचं, आणि बाई होळीच्या दिवशी ते उघडून सुका केक वॉर्डात वाटायच्या. मोठ्या झाल्यावर मी आजीला विचारलं, त्या रडायच्या का गं? आजी म्हणे, आम्हाला काय ठाऊक, आम्ही ड्यूटीवर असायचो. मग थोड्या वेळाने म्हणाली, करंज्या मात्र वेड्यासारख्या खायच्या.

दोन_नाताळ

भाऊ फादर आहे, इथिओपियात. पंचवीसला आई सकाळपासून फोनला चिकटून. लागला एकदाचा. आईने विचारलं, काय केलं रे आज? तो म्हणाला, आज? आज गुरुवार, पाण्याच्या टाकीचं काम चालू आहे.

तिकडे नाताळ ७ जानेवारीला, गेना म्हणतात. ऑर्थोडॉक्स लोकांचा त्याआधी ४३ दिवस उपास, मांस नाही, दूध नाही, अंडं नाही, आणि आजूबाजूचं सगळं गाव उपाशी असताना हा काय एकटा केक कापणार? आईला ते काही पटेना. पोराने पंचवीसला काही गोड खाल्लं नाही म्हणजे काय. तेव्हापासून आमच्याकडे गोठा (येशूजन्माचा देखावा) आठ तारखेपर्यंत ठेवतात आणि सातला पुन्हा नेवऱ्या तळतात. शेजारी विचारतात, आता कसला सण? आई सांगते, आमच्या बारक्याचा नाताळ.

खरं सांगू, आम्हाला चंगळ आहे.

निर्मळची_पोर

@दोन_नाताळ तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. आणि नेवऱ्यांत खोबरं की रवा?

दोन_नाताळ

रवा आणि खोबरं दोन्ही. पण फुगे (ताडीत आंबवून तळलेले गोळे) करत नाही आम्ही, आता ताडी मिळत नाही चांगली.

सि_आफ्रिकावाली

ताडीशिवाय फुगे? यीस्ट घाला, मी इथे तसेच करते. फुगतात. चव नाही येत ती, पण फुगतात.

दोन_नाताळ

सिस्टर, आई म्हणते यीस्टचे फुगे म्हणजे पाव. ती ऐकायची नाही.

घेवडा_शिजतोय

वसईतल्या निर्मळला ताडी मिळते अजून, पहाटे जावं लागतं. आणि डाळीचं कोणीच सांगितलं नाही.