बेळगावची शिवजयंती वैशाखातच का? फेब्रुवारीत का नको?

शहापूरकर
दर फेब्रुवारीत बाहेरगावची मंडळी आम्हा बेळगावकरांना छेडतात. महाराष्ट्रात १९ तारखेला जयंती झाली, तुमचे चित्ररथ अजून झोपलेत का? आता गावातलीच काही तरुण पोरं म्हणतायत, आपणही तारीख धरू. माझं मत: अजिबात नको.

वैशाख शुद्ध द्वितीयेच्या आदल्या रात्री पोरं गडागडांवरून शिवज्योत घेऊन पळत येतात, सकाळी शिवाजी उद्यानात पूजन होतं आणि दोनेक दिवसांनी मिरवणूक. नरगुंदकर भावे चौकातून ती निघाली की उजाडेपर्यंत संपत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर गल्लीतलेच अफजलखान, गल्लीतलेच बाजीप्रभू. आसपासच्या खेड्यांतली माणसं संध्याकाळपासून सतरंज्या टाकून जागा धरतात. मे महिन्याची सुट्टी असते म्हणून हे जमतं. परीक्षा तोंडावर असताना कुठली आई पोराला रोज रात्री तालमीला सोडेल?

शके१५५१
सुट्टीचा मुद्दा मान्य. पण मग सोय म्हणा, जन्मतिथी म्हणू नका. वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ ही बखरींतून आलेली तिथी. कारीच्या जेध्यांकडची शकावली, म्हणजे सालवार नोंदींची यादी, १९१६ साली टिळकांनी प्रसिद्ध केली, तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ आहे. कवींद्र परमानंदाचं शिवभारतही तेच सांगतं, आणि परमानंद महाराजांच्याच काळातला. फरक दोन-चार दिवसांचा नाही, जवळजवळ तीन वर्षांचा आहे. ज्या टिळकांनी हा उत्सव गावोगाव नेला, त्यांनीच जुनी तिथी मोडणारा कागद स्वतः छापला. त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही.

रात्रपाळी
टिळकांच्या उत्सवाच्या आधी महात्मा फुल्यांचा महाराजांवरचा १८६९ चा पोवाडा होता, एवढं नोंदवून ठेवतो. चालू द्या.

शहापूरकर
शके, तारीखवाल्यांची गंमत ठाऊक आहे ना? १९ फेब्रुवारी १६३० ही जुन्या ज्युलियन पद्धतीची तारीख. आज भिंतीवर टांगतो त्या ग्रेगोरियन कॅलेंडरात मोजली तर १ मार्च येते. म्हणजे तुमचाही दिवस चुकलेलाच.

शके१५५१
चला, मग फाल्गुन वद्य तृतीयेला करा! तीही तिथीच आहे, पंचांगातच सापडेल. तारखेत खोट काढून वैशाख कसा खरा ठरतो?

सीमेवरचा
तुम्ही कागद चाळत बसा. १९५६ च्या नोव्हेंबरात बेळगाव म्हैसूर राज्यात घातलं, तेव्हापासून इथं मराठी माणसाला रस्त्यावर उतरून 'आम्ही आहोत' म्हणायला जे मोजके दिवस उरले, त्यातला हा एक. १९ फेब्रुवारीला कर्नाटक सरकारही जयंती करतं. साहेब येतात, हार घालतात, फोटो होतो. वैशाखातली जयंती मंडळांची आहे, वर्गणीची आहे. ती सरकारी तारखेला नेऊन बांधली की दहा वर्षांत तीही हार-फोटोवर येईल.

रात्रपाळी
वर्गणीवाल्यांच्या व्यासपीठावर कुठलाच आमदार चढत नाही म्हणता? राजहंसगडावरच्या पुतळ्याचं २०२३ च्या मार्चमध्ये दोन पक्षांनी काही दिवसांच्या अंतरानं दोनदा अनावरण केलं. एकाच पुतळ्याचं! त्यातल्या एकालाही तिथी विचारायची गरज पडली नाही.

वडगावची_लेक
मला एवढंच सांगा, चित्ररथापुढं डॉल्बी कुठल्या बखरीत सापडली? आम्ही लहान होतो तेव्हा देखाव्यातले संवाद ऐकू यायचे. आता शाहिस्तेखानाची बोटं कधी तुटली ते कळत नाही, कारण मागच्या मंडळाचा बेस छातीत बसलेला असतो. पोरं महिनाभर संवाद पाठ करतात ते कुणासाठी? वर जिजाऊ सोडली तर मुलींना काम नाही. बेळवाडीची राणी मल्लम्मा आपल्याच जिल्ह्यातली, तिचा देखावा मी तरी आजवर बघितलेला नाही.

सीमेवरचा
ताई, ती महाराजांच्या फौजेशी लढलेली. मिरवणूक कुणाची आहे?

वडगावची_लेक
लढली, आणि महाराजांनी तिचा मान राखला, अशी आठवण लोक सांगतात. धारवाडजवळच्या यादवाडच्या शिल्पाशीही तीच कथा जोडलेली आहे. शत्रूकडच्या बाईशी महाराज कसे वागले हे दाखवायला यापेक्षा जवळचा प्रसंग कुठला? कन्नड शेजारीही बघायला थांबतील. की तेच नको आहे?

सीमेवरचा
कन्नड शेजारी आजही थांबतात, खांद्यावर पोरं घेऊन थांबतात. आमचं भांडण त्यांच्याशी नाही, बेंगळुरूशी आहे.

शहापूरकर
मल्लम्माचं मला पटतंय. डॉल्बीवर मात्र बैठकीत दरवर्षी बोलतो, दरवर्षी सगळे माना डोलावतात आणि मिरवणुकीत तोच भोंगा. देखावा बदलायला काही हरकत नाही, वैशाख मात्र हलणार नाही.

शके१५५१
नका हलवू. पत्रिकेवर 'पारंपरिक शिवजयंती' छापा, 'जन्मतिथी' काढा. आणि शके १५४९ चा आकडा खाली बारीक अक्षरात छापता, तोही काढा. शाळेतली पोरं तो वाचून परीक्षेत लिहितात.