'रिप-ऑफ' म्हणजे फाडणं की फसवणं?

नौपाडा_वाचक: राम मारुती रोडवरच्या एका कपड्यांच्या दुकानाच्या बिलामागे इंग्रजीत छापलंय की टॅग 'रिप्ड ऑफ' असेल तर माल बदलून मिळणार नाही. त्याच दुकानाबद्दल ऑनलाइन कुणीतरी 'टोटल रिप-ऑफ' लिहिलंय. दोन्हीकडे अर्थ एकच का? मधली आडवी रेघ कधी असते, कधी नसते, ती का?

कोपरीकर: अर्थ वेगळे आहेत. बिलावरचा सरळ शब्दशः आहे: टॅग ओढून तोडलेला. ऑनलाइनवाला बोलीतला, म्हणजे लुबाडणूक. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन बोलीत हे क्रियापद 'चोरणे' या अर्थाने रुळलं आणि त्यातूनच अव्वाच्या सव्वा पैसे उकळणं हा अर्थ आला.

ओळखायचं ते कर्मावरून. 'दे रिप्ड द टॅग ऑफ' यात कर्म वस्तू आहे, म्हणून तोडलं. 'दे रिप्ड मी ऑफ' यात कर्म माणूस आहे, म्हणून गंडवलं. एका ठिकाणी मात्र ही खूण चकवते: 'दे रिप्ड ऑफ द डिझाइन'. डिझाइन काही हाताने तोडता येत नाही, तिथे अर्थ होतो ढापलं, नक्कल मारली.

रेघ नामाला. 'रिप-ऑफ' नाम असेल तर रेघ आणि जोर 'रिप'वर. क्रियापद असेल तर दोन सुटे शब्द, रेघ नाही.

मराठीत 'महाग' म्हणून भागवू नका, फार मवाळ होतं. 'निव्वळ लूट' किंवा 'चुना लावला' हे बरोबर बसतं.

वाशी_सेक्टर९: कोपरीकरांनी 'महाग'बद्दल सांगितलं ते रिव्ह्यू लिहिताना फार कामाचं आहे. 'ओव्हरप्राइस्ड' म्हणजे किंमत जास्त वाटते, हे तुमचं मत झालं. 'रिप-ऑफ' म्हटलं की दुकानदाराच्या नियतीवर बोट ठेवलं. एमआरपीच्या आत विकलेला महागडा शर्ट कायद्याने गुन्हा नाही. पाकीटबंद वस्तू एमआरपीपेक्षा जास्त भावाने विकणं मात्र बेकायदा. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, त्यावर वेगळा जीएसटी लावून मागितला तर देऊ नका. तरीही घेतलाच तर बिल आणि पाकिटाचा फोटो जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा.

नौपाडा_वाचक: धन्यवाद दोघांनाही. मग सेलच्या बोर्डावर 'इट्स अ स्टील' असतं, तीही चोरीच का?

कोपरीकर: चोरीच, पण गिऱ्हाइकाच्या फायद्याची! इतकं स्वस्त की जणू न देताच उचलून आणलं. आपण 'पाण्याच्या भावात' म्हणतो तेच. इथे हे नाम आहे, म्हणून आधी 'अ' लागतो. 'अ' नसेल आणि दुकान भांड्यांचं असेल तर तो धातू असण्याचीच शक्यता जास्त, कारण उच्चार दोन्हींचा एकच. इंग्रजी स्पेलिंग बघितल्याशिवाय फरक कळत नाही.

वाशी_सेक्टर९: जोडीला 'नॉक ऑफ'ही लक्षात असू द्या. 'नॉक १०० ऑफ' म्हणजे शंभर रुपये कमी करा. रेघेचा 'नॉक-ऑफ' म्हणजे ब्रँडची नकली प्रत. घासाघीस करताना 'इज इट अ नॉक-ऑफ?' विचारलंत, तर तुम्ही सूट मागत नाही, माल डुप्लिकेट आहे का असं विचारताय.