दिवाळीचा धंदा आणि उसाचं बिल

सांगलीत दिवाळीची खरेदी ऑनलाइनने खाल्ली, असं काहीजण म्हणतात. मोबाईल-कपड्यांपुरतं पटतं. पण खेड्यातलं गिऱ्हाईक फ्रीज, सोनं, दुचाकीला दिवाळीत हात आखडतं, त्याचं कारण उसाच्या बिलात आहे. तोडणीनंतर एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, १४ दिवसांत द्यायची असा नियम आहे, पण कारखान्याचं गाळपच बहुतेक वर्षी नोव्हेंबरात सुरू होतं. म्हणजे नव्या उसाचा पैसा दिवाळीनंतर, तुळशीच्या लग्नानंतर हातात येतो आणि मोठी खरेदी लग्नसराईकडे सरकते. दिवाळीला घरात असतो तो दूध संघाचा फरक (दुधाच्या दरापोटी नंतर मिळणारी जादा रक्कम), नोकरदाराचा बोनस आणि तासगाव-सांगलीच्या बेदाण्याची येणी. दिवाळीच्या सुमारास बेदाण्याचे सौदे बंद ठेवून ‘शून्य पेमेंट’ करतात. व्यापाऱ्यानं मागची बाकी मिटवल्याशिवाय पुढं बोली नाही. ही वसुली लांबली की द्राक्षपट्ट्यातल्या कापड दुकानात लगेच कळतं: गिऱ्हाईक माल बाजूला काढून ठेवायला सांगतं, पैसे नंतर.

आणि नोव्हेंबरच्या विक्रीची मागच्या नोव्हेंबरशी तुलना तर करूच नका. लक्ष्मीपूजन २०२३ ला १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ ला १ नोव्हेंबरला, २०२५ ला २१ ऑक्टोबरला. ज्या वर्षी अधिक मास, त्या वर्षी दिवाळी पुढं जाते. लक्ष्मीपूजनाआधीचे २१ दिवस आणि नंतरचे ४५ दिवस असे दोन तुकडे करून वहीतले आकडे मांडा. दुसऱ्या तुकड्यात विक्री भरून निघत असेल तर गिऱ्हाईक गेलेलं नाही, थांबलेलं आहे. अशा दुकानदारानं फ्रीज-वॉशिंग मशीनचा सगळा माल धनत्रयोदशीआधी भरून भांडवल अडकवू नये.