‘संस्था’ म्हटलं की पतसंस्था आठवते

पंचवटीकर : 2024 चं अर्थशास्त्राचं नोबेल असेमोग्लू, जॉन्सन आणि रॉबिन्सन यांना मिळालं. काही देश श्रीमंत, काही गरीब का, याचं त्यांचं उत्तर ‘इन्स्टिट्यूशन्स’. त्यावर मराठीत लिहितोय. सगळे ‘संस्था’ लिहितात. पण ‘चांगल्या संस्थांमुळे देश श्रीमंत होतो’ म्हटलं तर नाशिकचा वाचक विचारेल, कुठली? शिक्षणसंस्था की पतसंस्था? दुसरा शब्द सुचवा.

गंगापूररोड : ‘व्यवस्था’ घ्या की.

पंचवटीकर : ताई, व्यवस्था लग्नात जेवणाचीही असते.

पिंपळगावकर : आधी अर्थ बघू. मी कांदा घेऊन बाजार समितीत जातो. लिलाव चारचौघांत होतो, माल काट्यावर मोजला जातो. व्यापारी अनोळखी असला तरी त्याचा चेक वटेल असं धरून मी घरी येतो. नाही वटला तर कुठे जायचं तेही ठरलेलं असतं. हे ‘धरून चालणं’ म्हणजे इन्स्टिट्यूशन, समितीची इमारत नव्हे. मी याला ‘घडी’ म्हणेन. बसायला वर्षं लागतात, विस्कटायला नाही.

गंगापूररोड : वा! दोन कोरियांना हा शब्द चपखल लागू पडतो. 1945 मध्ये 38 व्या अक्षांशावर रेघ मारली. भाषा एक, माणसं एक, मोठे कारखाने तर उत्तरेतच जास्त होते. पुढे घडी वेगवेगळी बसली.

सिन्नरकर : पण ‘घडी बसली’ म्हटलं की काहीतरी बरंच झालं असं वाटतं. काँगोचं काय? 1885 ते 1908 तो मुलूख बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची खासगी मालमत्ता होता. रबर ओरबाडायचं, एवढ्यासाठीच सगळी यंत्रणा. राजा गेला, ओरबाडणं राहिलं. तांबं, कोबाल्ट, हिरे असूनही देश गरीबच. (जाता जाता : ‘गरीब’ अरबीतून आला, तिथे त्याचा मूळ अर्थ ‘परका’. काँगोतली माणसं आपल्याच मुलखात त्या अर्थानेही गरीब झाली.)

पिंपळगावकर : मग ‘लुटीची घडी’ म्हणा!

सिन्नरकर : कानाला नाही पटत, भाऊ. ‘लुटीचा कारभार’ चालेल.

पंचवटीकर : म्हणजे कोरियाला घडी आणि काँगोला कारभार. एका शब्दाला दोन प्रतिशब्द! पाठवून बघतो. संपादक बहुधा ‘संस्था’च छापतील.